सुईच्या उजवीकडची जागा : गोधडीच्या मशीनच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

काम ठरलं. बचत गटातल्या आम्ही तिघी उन्हाळा लागायच्या आत मशीनवर गोधड्या शिवायला घेणार. मापं तीनच ठेवली आहेत: बाळाचं दुपटं ३६ × ४५ इंच, एका माणसाची गोधडी ६० × ९०, आणि डबल ९० × १००. आत जुनी सुती लुगडी, वर आणि खाली नवं सुती कापड. हाताने शिवलेल्या गोधड्या आमच्याकडे आधीपासून होतात आणि त्या होतच राहतील. पण वसतिगृहातली मुलं, भाड्याच्या खोलीतले नोकरदार, घरी लहान मूल असलेले, यांना दर आठवड्याला धुता येईल अशी आणि परवडेल अशी गोधडी हवी असते. त्यांना महिनाभर थांबायला सांगता येत नाही.

पैसे गटाच्या कर्जातून, २५,००० रुपये. मशीन, टेबल, मोटर, टेम्पोचं भाडं सगळं त्यातच बसवायचं.

घरात काळं पायडलचं मशीन आहे. त्यावर दुपटं सहज निघतं. ६० ची गोधडी घेतली की कडेची टीप होते, गोटही लावता येतो. मधे शिरायचं म्हटलं की काम थांबतं. सुईच्या उजवीकडे, मशीनचा खांब उभा असतो तिथवर जेवढी जागा, तेवढ्यातून अर्धी गोधडी जायला हवी. ती जात नाही. खेचून-दाबून घातली तर टाके आखडतात आणि ओळ तिरकी पळते.

म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न हाच: सुईपासून खांबापर्यंत किती इंच? टाक्यांचे प्रकार, रंग, गॅरंटीचं कार्ड हे सगळं त्यानंतर.

९ जानेवारी

दुकानात जायच्या आधी घरीच हिशेब केला, कारण दुकानात गेल्यावर समोरचा बोलतो आणि आपण ऐकत बसतो.

गोधडी मधून बाहेर शिवत गेलं तर खांबाच्या बाजूला जास्तीत जास्त अर्धी येते. ६० इंच रुंदीची असेल तर ३० इंच, डबल ९० ची असेल तर ४५. हा भाग सुरळी करून खांबाशी ठेवायचा. सुरळी किती जाड होईल ते काढता येतं: गुंडाळायची रुंदी गुणिले थराची जाडी गुणिले ४, भागिले ३.१४, आणि त्याचं वर्गमूळ.

पाच थरांचा तुकडा करून दोन पट्ट्यांमध्ये धरला. हलका दाब दिला तर अडीच मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. थंडीच्या गोधडीत मधे जुनी चादर घातली तर दुप्पट, पाच मिलिमीटर.

पातळ गोधडी, ३० इंच: सुरळी २ इंच.
जाड गोधडी, ३० इंच: पावणेतीन.
जाड डबल, ४५ इंच: जवळजवळ साडेतीन.

हा हिशेब घट्ट सुरळीचा. हातांनी केलेली सुरळी एवढी घट्ट होत नाही आणि टीप मारताना ती सैलही होत जाते, त्यामुळे वर आणखी इंचभर धरला. डबलला साडेचार इंच लागणार.

आपल्या काळ्या मशीनला टेप लावली. सुईपासून खांबापर्यंत साडेसहा इंच. साडेसहातून साडेचार गेले, दोन उरले. दोन इंचांत हाताचा पंजासुद्धा सपाट टेकत नाही. आतापर्यंत मधली ओळ सरळ का येत नव्हती ते या वजाबाकीत दिसलं. हाताला सवय कमी पडत होती असं नाही, हात ठेवायला जागाच नव्हती.

उंचीचंही तेच. खांबापासून निघालेला मशीनचा हात टेबलापासून किती वर आहे? आपल्याकडे पाच इंचांना थोडं कमी. साडेचारची सुरळी त्याखाली जेमतेम जाते, वर घासते.

ठरवलं: दहा इंचांच्या खाली बघायचं नाही.

१३ जानेवारी

सोलापुरात नवी पेठेत जाऊन आले. संक्रांत तोंडावर, त्यात गड्डा यात्रेची गर्दी, त्यामुळे दुकानदारांना वेळ कमी. एका परीने बरंच झालं, टेप लावून मोजताना कुणी मधे पडलं नाही.

घरगुती इलेक्ट्रिक मशीनं, उषा काय, सिंगर काय, दहा ते पंधरा हजारांत बरीच आहेत. वजनाला हलकी, काज-बटण होतं, नक्षीचे टाके आहेत, उचलून कपाटात ठेवता येतात. ब्लाउज, फॉल, मुलांचे कपडे एवढं करणारीला उत्तमच. पण टेप लावली की सहा, सव्वासहा, साडेसहा. एका दुकानात ज्या मशीनच्या खोक्यावर गोधडीच्या कामाचं चित्र छापलेलं होतं, त्याचीही जागा साडेसहाच. सोबत जोडतक्ता मिळतो, त्याने डावीकडची जागा वाढते. उजवीकडची कशी वाढेल? कापडाला आधार मिळतो एवढंच, आणि तोही लागतोच, पण आपला प्रश्न तो नाही.

काळी टेलर मशीनं स्टँडसकट सात ते नऊ हजार. अंब्रेला मॉडेलचा हात थोडा मोठा, पण दहाच्या जवळपासही नाही. या मशीनांबद्दल एक मात्र लिहून ठेवायला हवं: लाइट गेली तरी चालतात. आपलं जुनं मशीन म्हणूनच विकायचं नाही. कडा, गोट आणि दुपटी त्यावरच होतील.

१८ जानेवारी

परदेशात गोधडीवाल्या बायका कोणती मशीनं वापरतात ते शोधून वाचलं. जुकी कंपनीचं टीएल-२०१०क्यू नावाचं एक मशीन आहे, सरळ टाक्याचंच, मिनिटाला १,५०० टाके, जागा सुमारे साडेआठ इंच. वाचून हेवा वाटला. त्याहून मोठी ‘लाँग आर्म’ मशीनं असतात, त्यात गोधडी चौकटीवर ताणलेली राहते आणि मशीनच रुळांवर फिरतं. किमती आपल्या पैशांच्या कितीतरी पट, आणि सोलापुरात सुटे भाग कुठून आणायचे? बिघडलं की कुरिअरने पाठवून महिनाभर वाट बघत बसायचं, हे कर्ज काढून घेतलेल्या मशीनला चालणार नाही.

हा विषय इथे बंद.

२२ जानेवारी

धाकट्या जाऊबाई गणवेशाच्या कारखान्यात कामाला आहेत. सोलापूर चादरी-टॉवेलसाठी सगळ्यांना माहीत. पण शाळांचे गणवेशही इथे ढिगाने शिवले जातात आणि ते सगळं काम सिंगल नीडल, म्हणजे एका सुईच्या, सरळ टाक्याच्या कारखान्याच्या मशीनवर होतं. पाळी सुटल्यावर सुपरवायझर दादांनी अर्धा तास बसू दिलं. मी घरून पाच थरांचा टाचलेला तुकडा आणि टेप घेऊन गेले होते.

टेप लावली. सुईपासून खांबापर्यंत दहा इंचांच्या वर!

इतके दिवस हे मशीन डोळ्यांसमोर होतं, पण ते कारखान्याचं, आपलं नाही असंच धरून चाललो होतो. घरगुती दुकानात मोठ्या जागेचे जास्तीचे पैसे मागतात. इथे ती प्रत्येक मशीनला मुळातच असते, कारण दिवसभर शर्टाचे ढीग त्याच जागेतून जायचे असतात.

जुकीचं डीडीएल-८७०० हा या जातीचा नमुना म्हणायचा. जॅक आणि इतर कंपन्यांची मशीनंही साधारण याच घडणीची. मिनिटाला ५,५०० टाक्यांपर्यंत वेग, टाका ४ मिलिमीटरपर्यंत लांब. आणि आपल्याला सगळ्यात कामाची गोष्ट गुडघ्याशी असते: गुडघ्याने दांडी बाजूला ढकलली की फूट, म्हणजे कापड दाबून धरणारी सुईजवळची पट्टी, १३ मिलिमीटरपर्यंत उचललं जातं. हाताने उचललं तर साडेपाचच. दोन्ही हात गोधडीवर ठेवून फूट वर घेता येणं म्हणजे काय, ते जाड कापड सरकवून बघितल्याशिवाय कळत नाही. मी दोन-तीनदा नुसतीच उचल-सोड करून पाहिली.

वेगाची भीती वाटली, ते लिहून ठेवते. पायाचा जरासा भार पडला आणि तुकडा हातातून पळाला. दादा म्हणाले, “ताई, ही क्लच मोटर हाय. घरला सर्व्हो लावा, वेग बांधून घ्या.” त्याची चौकशी वेगळी करायची.

२७ जानेवारी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत जुन्या मशीनांच्या गोदामात गेलो. सोबत मिस्त्री अण्णा होते. अण्णा गेली कित्येक वर्षं कारखान्यांतली मशीनं दुरुस्त करतात. हात तेलात आणि कान आवाजात. नवं मशीन टेबल-मोटरसह चोवीस ते अठ्ठावीस हजार सांगतात, ते आपल्या पैशांच्या काठावर जातं. जुनं घेतलं तर टेबलाला आणि दोऱ्याला पैसे राहतात.

गोदामात दोन जाती होत्या, मध्यम कापडाची आणि जाड कापडाची. जाड कापडाच्या मशीनच्या नावात एच असतो, टाका ५ मिलिमीटरपर्यंत जातो, कापड पुढे नेणारे खालचे दाते मोठे, सुई जाड. गोदामवाले मामा तेच दाखवत होते: गोधडी म्हणजे जाड, तर जाड कापडाचंच घ्या. माझं मत वेगळं पडलं. आपली गोधडी जाड दिसते, पण आतलं लुगडं वीस वर्षं धुऊन-धुऊन मलमलीसारखं झालेलं असतं. त्यात जाड सुई गेली की भोक राहतं आणि चार धुण्यांत ते भोक फाटत जातं. मोठ्या दात्यांचे ओरखडे खालच्या कापडावर उमटतात. जीन्स, पिशव्या, ताडपत्री असतं तर एच घेतलं असतं. आपल्याला मध्यम पुरे, सुई १६ नंबरची, चादर घातलेल्या थंडीच्या गोधडीला १८. अण्णांनीही मान हलवली.

जुनं मशीन कसं बघायचं, हे अण्णांकडून समोर उभं राहून शिकले. गटातल्या दोघींसाठी सविस्तर लिहिते.

मोटर चालू करायच्या आधी चाक हाताने फिरवायचं, अगदी सावकाश. सगळीकडे सारखं फिरायला हवं. एका जागी जड लागलं की आत काहीतरी घासतंय. मग सुईची दांडी चिमटीत धरून हलवायची. पुढे-मागे खेळत असेल तर ते मशीन सोडून द्यायचं. आमच्या समोरचं पहिलं मशीन तिथेच बाद झालं.

मग खालची पत्री काढून हुक, म्हणजे सुईचा दोरा उचलून खालच्या दोऱ्यात गुंफणारा फिरता भाग, बघायचा. अण्णांनी नखाने हुकच्या टोकावरून हात फिरवला आणि मला फिरवायला लावला. टोक गुळगुळीत हवं. बारीकसा चरा असला तरी दोरा तिथे अडकून पिंजतो. सुई खाली जाऊन जराशी वर यायला लागली की दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो, आणि तेवढ्यात हुकचं टोक सुईच्या नेढ्याच्या किंचित वरून जाऊन तो फास उचलतं. सगळी टीप या एका क्षणावर चालते. अण्णा त्याला टायमिंग म्हणतात. चाक हाताने फिरवत मी पाच-सहा वेळा तो फास उचलला जाताना पाहिला. इतकी वर्षं शिवते आहे, पण आत काय होतं ते आज नीट पाहिलं.

त्यानंतर मोटर लावून टीप. वर लाल दोरा, बॉबिनला, म्हणजे खालच्या रिळाला, पांढरा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, जास्त, खालच्या बाजूला लाल दिसले तर कमी. पाच थरांवर, मग घडी घालून दहा थरांवर, आणि दोन्हींच्या मधल्या पायरीवर. पायरी चढताना टाका सुटतो का, हे बघायला विसरायचं नाही, कारण गोधडीत साड्यांचे जोड येतात तिथे अशीच पायरी असते.

शेवटी डोक्यावरची काच. मशीन चालू असताना त्या काचेत तेल उडताना दिसायला हवं. काच कोरडी असेल तर पंप चालत नाही, आणि असं मशीन कुणी किती दिवस कोरडं चालवलंय ते आपल्याला सांगता येत नाही.

चौथ्या रांगेतलं एक मशीन सगळ्यात उतरलं. रंग उडालेला, टेबलाची एक कड फुगलेली, हुक नवा टाकलेला. जागा दहा इंचांच्या वर. टेबल, स्टँड आणि जुन्या क्लच मोटरसह १४,००० ला ठरलं. बयाणा दिला.

३१ जानेवारी

मोटरीचं ठरलं: सर्व्हो.

क्लच मोटर बटण दाबलं की आत फिरतच राहते, आपण शिवत असू किंवा नसू. पाय दाबला की क्लच धरतो आणि मशीन झटक्यात वेग घेतं. घरात दिवसभर तो घूं-घूं आवाज, आणि वीज जाळत राहते ती वेगळीच. सर्व्हो पाय दाबल्यावरच फिरते आणि जास्तीत जास्त वेग किती ते बटणाने बांधता येतं. आम्ही मिनिटाला ८०० वर बांधणार. गटातल्या दोघींनी आतापर्यंत फक्त पायडलच चालवलंय, त्यांनाही या वेगावर बसता येईल.

हिशेब असा: मशीन १४,०००. सर्व्हो ५,०००, जुनी क्लच परत घेऊन १,००० वजा. टेम्पो ६००. डावीकडचं आणि मागचं जोडटेबल सुताराकडून १,८००. तेल, सुया, टेफ्लॉनचं फूट, बॉबिनं आणि अण्णांची मजुरी मिळून १,४००. एकूण २१,८००. उरलेले ३,२०० दोऱ्याच्या कोनांना आणि कापडाला.

४ फेब्रुवारी

मशीन घरी आलं. नुसतं हेडच पंचवीस-तीस किलोंचं, त्यामुळे ते सुटं करून आणलं आणि तेल आधी काढून घेतलं. खालच्या खोलीतच बसवलं. माडीवर नेण्याचा विचार जिना बघूनच सोडला.

हेड मागे कलतं केलं की खाली तेलाचा ट्रे दिसतो. वरच्या आणि खालच्या खुणांच्या मधे पांढरं तेल भरलं. पहिले दोन दिवस दर थोड्या वेळाने चिंधीवर टीप मारायची, कारण सुईच्या दांडीवरून तेलाचा थेंब उतरतो, आणि नव्या पांढऱ्या कापडावर तो डाग निघत नाही. पुढेही रोज सकाळी पहिली टीप चिंधीवरच. हे भिंतीवर लिहून लावलं.

सुयांबद्दल: घरगुती मशीनची सुई यात चालत नाही. घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते, त्यामुळे ती एकाच पद्धतीने बसते. या मशीनच्या सुईचा दांडा सगळीकडून गोल, त्यामुळे ती कशीही बसते आणि चुकीचीही बसते. लांब खाच डावीकडे हवी, आणि दोराही डावीकडूनच ओवायचा. दुकानात डीबी × १ म्हणून मागायची, काळ्या मशीनची एचए × १. दोन वेगळ्या डब्यांत ठेवल्या, एका डब्याला लाल चिकटपट्टी.

सुताराने जोडटेबल मशीनच्या पातळीला अगदी बरोबर आणलं. हात फिरवला तर सांधा लागत नाही. हे आवश्यकच होतं. गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबलं की ते सुईला मागे ओढतं आणि टाके आपोआप लहान होत जातात. दात्यांनी कापड पुढे न्यावं, वजन टेबलाने झेलावं.

१० फेब्रुवारी

पहिली ६० × ९०. एका नऊवारीत असे दोन थर नीट निघतात आणि थोडा तुकडा उरतो, त्याचं दुपट्याला काम होतं. वर-खाली नवं कापड, मधे तीन थर.

जागेची अडचण संपली. सुरळी खांबाशी आरामात पडून राहिली, वरून डावा आणि उजवा दोन्ही हात सपाट टेकले. मधली पहिली ओळ खडूच्या रेघेवरून नव्वद इंच सरळ गेली.

दुसरी अडचण पुढे आली, आणि ती कुठल्याही साध्या मशीनला येतेच: खालचे दाते खालचं कापड ओढतात, वरून फूट दाबून धरतं, त्यामुळे वरचा थर मागे राहतो. शेवटच्या कडेला वरचं कापड बोटभर जास्त निघालं आणि खाली चुण्या. वर-खाली दोन्हीकडून कापड ओढणारी मशीनं असतात, सोफा आणि चामड्याच्या कामाला वापरतात, पण ती आपल्या पैशांबाहेरची.

जे उपाय लागू पडले ते असे. फुटाचा दाब वरच्या स्क्रूने कमी केला, कापड जेमतेम पकडेल इतका. लोखंडी फुटाऐवजी टेफ्लॉनचं लावलं, वरचं कापड अडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कच्चा धावदोरा. आडवा-उभा, वीतभर अंतराने, दाभणाने. पिनांनी तेवढं काम होत नाही. पिना सुरळीत टोचतात आणि मधला थर त्यांच्यामधून सरकतोच.

कच्चा दोरा घालायला आत्या बसल्या. सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो. त्यांनी सगळे थर फरशीवर अंथरले, चारी कोपऱ्यांना पाटे ठेवले, मधून बाहेर तळहाताने हवा काढत गेल्या आणि मगच सुई घातली. “वाकळ आधी भुईला बसली पायजे, मग दोरा,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या हातचा कच्चा दोरा असलेली गोधडी मशीनवर कडेला जेमतेम दोरीभर सरकली. तो फरक मशीनच्या कोणत्याही स्क्रूने पडला नसता.

१८ फेब्रुवारी

ओळी कशा मारायच्या यावर घरात दोन दिवस चर्चा चालली.

हाताची गोधडी कडेपासून सुरू होते. चारी कडांनी फिरत-फिरत धावदोरा आत जातो आणि मधे संपतो. तो चौकोनात चौकोन हीच गोधडीची ओळख, आणि आत्यांचा आग्रह की मशीनवरही तसंच यावं. म्हणून एका दुपट्यावर तसं केलं. छान झालं. मग ६० च्या गोधडीवर घेतलं, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. प्रत्येक कोपऱ्यावर सगळी गोधडी टेबलावर फिरवावी लागते, एका फेरीला चारदा, आणि फिरवताना सुरळी सुटते. आणि मशीन थर थोडे तरी पुढे ढकलतच असतं, ते ढकललेलं सगळं कापड आत-आत जमा होऊन मधे फुगा येतो. फरशीवर बसून शिवताना शिवणारी तो फुगा तळहाताने बाहेर काढत जाते, मशीनवर ते जमत नाही.

त्यामुळे मोठ्या गोधडीला मधून बाहेर, सरळ ओळी. आधी मधली ओळ, तिथून उजव्या कडेपर्यंत. मग गोधडी उलट फिरवून पुन्हा मधून दुसऱ्या कडेपर्यंत. खांबाशी कधीच अर्ध्याहून जास्त येत नाही, सुरळी दर ओळीला बारीक होत जाते आणि जास्तीचं कापड कडेला निघून जातं, जिथे ते कापता येतं. चौकोनात चौकोन फक्त दुपट्यांना आणि हाताच्या गोधड्यांना. आत्यांनी मान्य केलं, पण एका अटीवर: मोठ्या गोधडीच्या बाहेरच्या तीन फेऱ्या हाताच्याच असतील. मला ती अट पटली. शिवून बघितली तर कड मऊ पडते आणि गोधडी अंगावर घेताना पहिला हात तिथेच जातो.

फुलापानांची मोकळी नक्षी या मशीनवर नाही. त्यासाठी दाते खाली जायला लागतात, आणि या जातीत ते घरगुती मशीनसारखे खटक्याने खाली जात नाहीत. ज्यांना तसली नक्षी हवी त्यांनी हे मशीन घेऊ नये.

२७ फेब्रुवारी

पहिली जाड डबल आज उतरली. आत जुनी चादर, सुई १८ ची. सुरळी कागदावर काढली होती तेवढीच, साडेचार इंच, आणि तरी हाताला जागा राहिली. उंची मात्र घासते. सुरळी गोल न ठेवता लांबट चपटी केली की सरळ जाते.

एका माणसाच्या गोधडीचा हिशेब पक्का झाला. इंचाइंचावर ओळी म्हणजे साठ ओळी, प्रत्येक नव्वद इंच, मिळून सुमारे १३७ मीटर टीप. ४ मिलिमीटरच्या टाक्याने चौतीस हजारांवर टाके. ८०० च्या वेगाने नुसती टीप पाऊण तासाची, पण सुरळी करणं, फिरवणं, बॉबिन बदलणं धरून अर्धा दिवस जातो. दोरा वरचा-खालचा मिळून टिपेच्या अडीचपट तरी लागतो, म्हणजे साडेतीनशे मीटरच्या आसपास. किंमत लावताना हे धरायचं. बॉबिनं सकाळीच भरून ठेवायची, ओळीच्या मधे संपली की जोड दिसतो.

इंचाऐवजी दीड इंचावर ओळी घेतल्या तर चाळीसच लागतात आणि गोधडी जास्त मऊ राहते. पण जुनं लुगडं आत सैल राहून धुताना गोळा होतं. वसतिगृहाच्या गोधड्या इंचावरच ठेवायच्या. दुपटी दीड इंचावर, त्यांत थरच कमी असतात.

कच्चा धावदोरा आणि बाहेरच्या तीन फेऱ्या यांची मजुरी गोधडीच्या किमतीत वेगळी दाखवायची, आणि ती आत्यांच्या आणि शेजारच्या अक्कांच्या नावाने गटाच्या वहीत जमा करायची. हे मी बैठकीत मांडणार आहे. मशीन आलं म्हणून हाताचं काम फुकटात गेलं असं आमच्याकडे होऊ द्यायचं नाही.

राहिलेली कामं: फुगलेली टेबलाची कड घासून घेणे. अण्णांना महिनाअखेर एकदा बोलावून टायमिंग तपासून घेणे. वसतिगृहाच्या सहा गोधड्यांचं कापड धुऊन, आटवून घेणे, कारण न आटवलेलं नवं कापड जुन्या लुगड्यावर बसवलं तर पहिल्या धुण्यातच गोधडी आखडते. दोऱ्याचे दोन कोन पांढरे, एक मातकट.